उमेदवाराचा विमा: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

शिक्षण संपत आले आहे आणि सैन्यात दाखल व्हायला अवकाश आहे, अशा मधल्या काळात एखादा तरुण आजारी पडला किंवा जखमी झाला, तर त्याच्या उपचारांचा खर्च कुणी करायचा? या एका प्रश्नाभोवती हे पुस्तक उभे आहे. प्रश्न साधा आहे, पण तो आपला मानणारे कुणी नाही. महाविद्यालयाच्या लेखी हा विद्यार्थी परीक्षा देऊन गेलेला असतो. सैन्याच्या लेखी तो अजून आलेलाच नसतो. विमा कंपनीला तो विशी-बाविशीतला धडधाकट ग्राहक दिसतो. घरच्यांना तर त्याच्या प्रकृतीची चिंता करणेच अनाठायी वाटते, कारण त्या प्रकृतीच्या भरवशावरच तो भरतीला उतरलेला असतो. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचा हा काळ असा सगळ्यांच्या वहीतून निसटतो. पुढील प्रकरणांत त्याला ‘उमेदवारीचा काळ’ म्हटले आहे.

या काळात शरीरावरचा ताण एरवीपेक्षा कमी नसतो, जास्तच असतो. पहाटेचे धावणे, उड्या, दोरी, बीमवरचे पुलअप्स, उन्हातले ग्राउंड, अभ्यासाचे जागरण, वसतिगृहातले जेवण. म्हणजे शरीर सर्वाधिक झिजते तेव्हाच त्याची जबाबदारी घेणारी संस्था जवळ नसते. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा हाच आहे. आरोग्य विम्याचे आपले सगळे नियम आजार आणि रुग्णालय यांच्याभोवती रचलेले आहेत. उमेदवाराची गरज मात्र दुखापत आणि पात्रता यांच्याभोवती फिरते. शिवाय विम्याला वेळ लागतो आणि भरती वेळ देत नाही. ही विसंगती समजून घेतल्याशिवाय ‘कोणती पॉलिसी घ्यावी’ या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही.

महाराष्ट्रातून हा विषय मांडण्याला कारण आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, अहिल्यानगरचे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र आणि सीमेपलीकडे बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, ही नावे इथल्या घराघरांत माहीत आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ची. छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७पासून मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करते. मुलींसाठी तशी संस्था नाशिकमध्ये निघाली आहे. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे आणि कोल्हापूर जिल्ह्यातले सैनिक टाकळी ही गावे तर सैनिकांची गावे म्हणूनच ओळखली जातात. या परंपरेच्या जोडीला गेल्या काही वर्षांत तालुक्यातालुक्यांत निवासी भरती अकादम्या उभ्या राहिल्या. सैन्य, पोलीस, निमलष्करी दले अशा सगळ्या भरतींची तयारी करणारी मुले-मुली एकाच मैदानावर धावतात. १४ जून २०२२ रोजी चार वर्षांच्या सेवेसाठी ‘अग्निवीर’ भरती करणारी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि साडेसतरा ते एकवीस हे वय निर्णायक ठरले. म्हणजे बारावीनंतरची तीन-चार वर्षे, जी एरवी पदवीची, तीच आता भरतीचीही झाली. विद्यार्थी आणि उमेदवार या दोन भूमिका एकाच शरीरात एकाच वेळी नांदू लागल्या.

कायद्याच्या अंगाने या काळाकडे पाहायचे तर आरंभ एका कागदापासून करावा लागतो. संघ लोकसेवा आयोगाच्या प्रबोधिनी परीक्षेच्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलेले असते, की सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) चाचण्या उमेदवार स्वतःच्या जबाबदारीवर देईल आणि त्या देताना झालेल्या इजेबद्दल त्याला सरकारकडे भरपाई मागता येणार नाही. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. निवड मंडळाकडे जाताना फाइलमध्ये गुणपत्रिका, जन्मदाखला, ओळखपत्र यांच्यासोबत हा कागद असतो आणि बहुतेक घरांत तो न वाचता सही होऊन परत फाइलमध्ये जातो. हा कागद अन्यायकारक आहे असे माझे म्हणणे नाही. हजारो उमेदवारांच्या चाचण्या घेणाऱ्या व्यवस्थेला जबाबदारीची सीमा कुठेतरी आखावीच लागते. पण सही करणाऱ्याला हे कळायला हवे, की त्या क्षणी जोखीम आपल्या घराकडे आली आहे आणि तिची तजवीज आपल्यालाच करायची आहे. आपल्याकडे सही होते आणि तजवीज राहून जाते.

आता विम्याच्या बाजूने पाहू. भारतात ‘मेडिक्लेम’ हे नाव रूढ झाले ते १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ही पॉलिसी बाजारात आणली तेव्हापासून. त्यानंतर १९९९च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले, खासगी कंपन्या आल्या आणि प्रत्येक कंपनीची अटींची भाषा वेगळी झाली. ग्राहकाचा गोंधळ वाढला, तेव्हा नियामकाने वगळलेल्या बाबींची भाषा प्रमाणित केली आणि २०२०च्या एप्रिलपासून ‘आरोग्य संजीवनी’ ही सर्व कंपन्यांना समान अटींवर विकावी लागणारी पॉलिसी आणली. उमेदवारीच्या अभ्यासकाला ही पॉलिसी फार उपयोगी आहे. ती विकत घेतलीच पाहिजे असे नाही, पण तिच्या अटी वाचल्या की भारतीय आरोग्य विमा कसा विचार करतो ते एका बैठकीत समजते.

हा विचार तीन घड्याळांवर चालतो. पॉलिसी घेतल्यापासून पहिले ३० दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा दावा मिळत नाही. ठरावीक आजार आणि शस्त्रक्रिया यांसाठी २४ महिने थांबावे लागते. आणि पॉलिसी घेण्यापूर्वी निदान झालेल्या किंवा उपचार घेतलेल्या आजारांसाठीची मुदत कमाल ३६ महिन्यांची आहे; २०२४पूर्वी ती ४८ महिन्यांपर्यंत जात असे. या मुदतींमागचे कारण समजण्यासारखे आहे. शस्त्रक्रिया ठरल्यावरच पॉलिसी घेऊन ती झाल्यावर सोडून देण्याची मोकळीक असती, तर नियमित हप्ते भरणाऱ्यांच्या पैशाने ऐनवेळी येणाऱ्यांचे उपचार झाले असते आणि हप्ता सगळ्यांनाच परवडेनासा झाला असता.

आता २४ महिन्यांची ती यादी जवळून वाचा. सर्व प्रकारचा हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, फिशर आणि फिस्टुला, पायलोनायडल सायनस, सायनसचे विकार, टॉन्सिलची शस्त्रक्रिया, कान-नाक-घशाचे साधे विकार, व्हेरिकोज व्हेन्स. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीतून आलेल्या कुणालाही ही यादी दाखवा. तो लगेच ओळखेल. भरतीच्या मैदानावर आणि निवड मंडळानंतरच्या तपासणीत तरुणांना ज्या कारणांनी ‘तात्पुरते अपात्र’ ठरवले जाते त्यांतली कितीतरी कारणे या यादीत आहेत. वैद्यकीय मंडळ दोष दाखवते, उपचार करत नाही. अधिकारीपदाच्या उमेदवाराला अपील वैद्यकीय मंडळापुढे हजर राहायला ४२ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात शस्त्रक्रिया करून, जखम भरून, तपासणीला उभे राहायचे. एकीकडे ४२ दिवस, दुसरीकडे २४ महिने. एकाच हर्नियाकडे दोन व्यवस्था अशा दोन घड्याळांतून पाहतात आणि उमेदवार मध्ये सापडतो. त्या घाईत आईचे दागिने गहाण पडतात किंवा संधी जाते.

अटींत आणखी एक बारीक जागा आहे. कंपनी पैसे देते ते वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांचे. एखाद्याच्या नाकाचा पडदा थोडा वाकडा आहे, त्याला त्रास काहीच नाही, पण मंडळाने तो दुरुस्त करून या म्हटले आहे. ही शस्त्रक्रिया आजारासाठी झाली की नोकरीसाठी? दावा तपासणारा अधिकारी हा प्रश्न विचारू शकतो. डोळ्यांच्या बाबतीत तर नियमच लिहून ठेवला आहे: ७.५ डायऑप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. भरतीचे नियम जिथे अशी शस्त्रक्रिया मान्य करतात तिथे ती करून घेणारे तरुण साधारणपणे एक, दोन, तीन नंबरचे असतात. साडेसात नंबरचा चष्मा असलेला सहसा या वाटेला येत नाही. म्हणजे ज्याला ही शस्त्रक्रिया हवी त्याला विमा नाही आणि ज्याला विमा आहे तो उमेदवार नाही. गोंदवलेला टॅटू काढून टाकण्याचेही तसेच. तो खर्च सौंदर्योपचारात धरला जातो.

दुखापतींकडे वळले की दुसरी अडचण दिसते. धावणाऱ्या मुलांची सर्वांत ओळखीची तक्रार म्हणजे नडगी दुखणे. अग्निवीराच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावले की पूर्ण गुण मिळतात, म्हणून मुले कडक डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी रोज वेळ कमी करत राहतात. सुरुवातीला नडगीच्या आतल्या कडेला दुखते, गरम झाल्यावर थांबते. मुलगा धावत राहतो. पुढे हाडाला सूक्ष्म तडा जातो, तेव्हा दुखणे एका बोटाखाली सापडते आणि रात्रीही राहते. साध्या एक्स-रेमध्ये हा तडा सुरुवातीला बहुधा दिसत नाही, म्हणून एमआरआय करावा लागतो. मग काही आठवडे विश्रांती, फिजिओथेरपी, हळूहळू पुन्हा चालणे आणि धावणे. या सगळ्या प्रवासात तो रुग्णालयात एक रात्रही राहत नाही. डॉक्टरची फी, एमआरआय, फिजिओ हा सगळा बाह्यरुग्ण विभागाचा खर्च. नेहमीची पॉलिसी तो देत नाही, आणि केवळ तपासण्यांसाठी दाखल झालात तर तेही वगळलेले आहे. शिवाय अशी इजा अनेक दिवसांच्या ताणातून होते. अपघात विम्याला मात्र एक दिवस, एक क्षण, एक बाह्य कारण लागते. उमेदवाराची सर्वांत नेहमीची दुखापत अशी दोन्ही विम्यांच्या मधल्या फटीतून खाली जाते. क्रीडावैद्यक आणि विमाशास्त्र यांनी एकत्र बसून सोडवायचा हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याला या पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत.

मग प्रश्न येतो तात्पुरत्या विम्याचा. सैन्यात गेल्यावर लष्करी रुग्णालये आहेतच. तोवरचे वर्ष-दीड वर्ष भागवायचे आहे, त्यासाठी वेगळी अल्पमुदतीची पॉलिसी मिळते का? भारतात अशा पॉलिसीचे ठळक उदाहरण एकच, तेही संकटकाळातले. २०२० साली करोनासाठी ‘कोरोना कवच’ पॉलिसी आली, ती साडेतीन, साडेसहा आणि साडेनऊ महिन्यांची होती. एरवी वैयक्तिक आरोग्य विमा वर्षाच्या मापानेच विकला जातो. पण २०२४च्या मे महिन्यात नियामकाने काढलेल्या एकत्रित परिपत्रकाने एक वाट उघडली. ग्राहक सात दिवसांची सूचना देऊन पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो, आणि वर्षभराच्या पॉलिसीत एकही दावा केलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. म्हणजे वार्षिक पॉलिसी घ्यावी, रुजू झाल्यावर हवी तर सोडावी. पैसे वाया जात नाहीत. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर पूर्वीचा १८ टक्के जीएसटीही लागत नाही. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत अटी वाचून ती नाकारण्याचा हक्क वेगळाच आहे. हे तीन नियम ज्याला माहीत आहेत त्याची निम्मी चिंता मिटते.

तरीही तात्पुरता विमा आयत्या वेळी घेऊन उपयोगाचा नाही, हे घड्याळांच्या हिशेबावरून लक्षात आले असेल. एकाच गल्लीतली दोन मुले घेऊ. एकाचे नाव वडिलांच्या कौटुंबिक पॉलिसीत दहावीपासून आहे. विसाव्या वर्षी मंडळाने हर्निया दाखवला तेव्हा त्याचे २४ महिने केव्हाच उलटून गेलेले असतात. तो पॉलिसीचा क्रमांक घेऊन रुग्णालयात जातो आणि कॅशलेस मंजुरी मागतो. दुसऱ्याच्या घरी तपासणीच्या दुसऱ्या दिवशी एजंटला फोन जातो. त्याला पॉलिसी मिळेलही, पण निदान आता कागदावर आलेले आहे, ते प्रस्तावात सांगावेच लागेल आणि मुदत तिथून पुढे सुरू होईल. दोघांच्या घरची ऐपत सारखी असू शकते. फरक पडतो तो चार वर्षे आधी घेतलेल्या निर्णयाने. म्हणून या क्षेत्राचा व्यावहारिक निष्कर्ष एका वाक्यात सांगायचा तर असा: विद्यार्थ्याचा विमा भरतीचा अर्ज भरताना काढायचा नसतो, तो बारावीच्या आधीच चालू असायला हवा.

त्यासाठीच्या वाटा आपल्याकडे आहेत आणि त्या महागही नाहीत. पहिली वाट कुटुंबाच्या पॉलिसीची. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत अवलंबून असलेले मूल २५ वर्षांपर्यंत राहू शकते. अठरानंतर ते स्वतः कमावू लागले तर पुढच्या नूतनीकरणात बाहेर पडते. माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेतही मुलाच्या बाबतीत २५ वर्षे हीच रेषा आहे. पदवीनंतर अधिकारीपदाच्या परीक्षा देणाऱ्यांना ही रेषा अगदी जवळ असते, तेव्हा वय संपण्याआधीच स्वतंत्र पॉलिसीत जावे. असे केले तर आधी पूर्ण केलेल्या प्रतीक्षेचे श्रेय नव्या पॉलिसीत सोबत येते. मध्ये खंड पडला की ते गमावले जाते.

दुसरी वाट शासकीय योजनेची, आणि ग्रामीण उमेदवारांसाठी तीच सर्वांत मोठी आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि २०२३च्या निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत नेण्यात आली. त्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आणि १,३५६ उपचार असे तिचे रूप ठरले. तिच्यात प्रतीक्षेची मुदत नाही, जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो. अडचण एवढीच, की उपचार यादीतला हवा, रुग्णालय संलग्न हवे आणि शिधापत्रिकेवर मुलाचे नाव हवे. गोव्यातील रहिवाशांसाठी २०१६पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. शिकायला बाहेर पडलेल्या मुलाचे नाव शिधापत्रिकेवर आहे ना, एवढे तपासायला अर्धा दिवस पुरतो.

तिसरी वाट अपघात विम्याची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बचत खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख रुपये मिळतात. अंशतः अपंगत्व कायमचे असेल तर एक लाख. १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक उमेदवाराने ही नोंद करावीच. पण ती रुग्णालयाचे बिल देत नाही, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवावे. ‘सरल सुरक्षा विमा’ या प्रमाणित अपघात पॉलिसीत जादा हप्ता भरून अपघातानंतरच्या रुग्णालयखर्चाची जोड घेता येते, आणि अपघाताला ३० दिवसांची वाट पाहावी लागत नाही.

कोणतीही वाट घेतली तरी प्रस्तावात खरे सांगावे. आपल्याकडे एक भीती फार खोल आहे: दमा, फिट किंवा जुने फ्रॅक्चर विम्याच्या कागदावर लिहिले तर ते भरतीत आड येईल. त्या भीतीपोटी माहिती दडवली जाते आणि ऐन गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो. पाच वर्षे सलग हप्ते भरल्यानंतर कंपनीला जुन्या माहितीवरून वाद घालता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तिथेही माफी नाही. दावा चुकीने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद, हा रस्ता आहे. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुणे दोन्हीकडे आहेत.

उमेदवारीचा काळ रुजू होण्याच्या दिवशी संपतो, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. प्रबोधिनीत दाखल झालेल्या कॅडेटवर लष्करी रुग्णालयात उपचार होतात. पण प्रशिक्षणात गंभीर जखमी होऊन त्याला वैद्यकीय कारणाने बाहेर पडावे लागले, तर तो अजून अधिकारी झालेला नसल्यामुळे माजी सैनिकही ठरत नसे. अपंगत्वानुसार सानुग्रह रक्कम मिळे, पण उपचारांची हक्काची सोय नव्हती. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कॅडेट्सच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार त्यांच्यासाठी उघडले. ज्यांनी वर्षानुवर्षे ही बाजू मांडली त्या कुटुंबांचे ऋण या क्षेत्रावर आहे. विद्यार्थी आणि सैनिक यांच्या मधल्या जागेत एक माणूस उभा असतो, हे त्यांच्यामुळे देशाला मान्य करावे लागले.

दुसरे टोक अग्निवीरांचे. पहिल्या तुकड्या २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या आरंभी प्रशिक्षणाला गेल्या. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सेवेत जातील. उरलेले साधारणपणे एकवीस ते पंचवीसच्या वयात परत येतील आणि त्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना लागू होणार नाही. म्हणजे उमेदवारीतला विमा ‘तात्पुरता’ म्हणून बंद केला, तर परतल्यावर तिन्ही घड्याळे पुन्हा शून्यापासून सुरू. त्या वयात हप्ता कमी असतो, तेव्हा सेवेच्या चार वर्षांतही तो भरत राहावा का? माझे उत्तर बहुतेक घरांसाठी होकारार्थी आहे, पण त्याचा तपशीलवार हिशेब कुणी तरी मांडायला हवा. या पुस्तकातले एक प्रकरण तिथपर्यंत येऊन थांबते आणि पुढचे काम वाचकाकडे सोपवते.

इतर देशांकडे पाहिले की आपले प्रश्न अधिक स्पष्ट होतात. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने मूल २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू शकते. तिथे सैन्यात नाव नोंदवून प्रत्यक्ष रुजू व्हायला एका वर्षापर्यंतचा अवधी घेता येतो आणि त्या अवधीत लष्करी आरोग्य योजना लागू होत नाही. मग काहीजण अल्पमुदतीची पॉलिसी शोधतात. २०१८च्या नियमाने ती नूतनीकरणासह ३६ महिन्यांपर्यंत चालवता येई. २०२४च्या नियमाने ती नूतनीकरणासह चार महिन्यांवर आणली. तिचा हप्ता स्वस्त असतो, कारण जुने आजार तिच्यात बहुधा बसत नाहीत. जर्मनीने वेगळा विचार केला. शिकणारे मूल २५ वर्षांपर्यंत कुटुंबाच्या विम्यात विनाहप्ता राहते, आणि सैनिकी सेवेमुळे शिक्षणात खंड पडला तर तो काळ ठरावीक मर्यादेत पंचविशीच्या पुढे जोडून मिळतो. सेवेत गेलेला काळ कायदा तरुणाला असा परत करतो. आपल्या २५ वर्षांच्या रेषेला अशी एक ओळ जोडता आली, तर अग्निवीरांचा मोठा प्रश्न हलका होईल.

या क्षेत्रात अजून करण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणूनच नव्या अभ्यासकांचे इथे मनापासून स्वागत. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एखाद्या भरती अकादमीत वर्षभर बसून दुखापतींची साधी नोंदवही ठेवली, तरी तो मोठा दस्तऐवज होईल. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने विशीतल्या उमेदवारासाठी बाह्यरुग्ण खर्च, फिजिओथेरपी आणि मंडळाने सुचवलेल्या शस्त्रक्रिया यांचा समूह विमा किती हप्त्यात बसेल, ते मांडावे. एका अकादमीतली दोनशे मुले म्हणजे एक समूहच असतो, आणि समूहाला मिळणाऱ्या सवलती एकट्याला मिळत नाहीत. विधीच्या विद्यार्थ्याने ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या शब्दांची कायदेशीर मर्यादा तपासावी. मुलींच्या बाबतीत तर सगळेच नव्याने लिहायचे आहे. प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी २०२५च्या मेमध्ये बाहेर पडली. त्यांच्या मागून तयारी करणाऱ्या हजारो मुलींच्या शरीराला, पोषणाला आणि दुखापतींना हा अभ्यास अजून भिडलेला नाही.

अभ्यासकांइतकेच हे पुस्तक पालकांसाठी, प्रशिक्षकांसाठी आणि गावोगावच्या विमा एजंटांसाठी आहे. त्यांनी पहिली प्रकरणे सोडून थेट अटींच्या प्रकरणापासून वाचायला हरकत नाही. अकादमीच्या प्रवेश अर्जावर उंची, छाती आणि रक्तगट यांच्या खाली आणखी एक रकाना असावा: पॉलिसी किंवा योजनेचा क्रमांक, आणि ती सुरू झाल्याची तारीख. तो रकाना रिकामा असेल तर मैदानावर उतरण्यापूर्वी तो भरून घेण्याची जबाबदारी प्रशिक्षकाने स्वतःची मानावी. देशासाठी शरीर पणाला लावायला निघालेल्या मुलाला वाटेतच कर्जात पडू न देणे, एवढे काम त्या एका रकान्याने होऊ शकते. ज्यांच्या हाती असे अर्ज आहेत, त्यांनी पुढचे प्रवेश सुरू होण्याआधी तो जोडावा, अशी या पुस्तकाच्या वतीने विनंती आहे.